हृदयाचा विद्युत अक्ष

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याआधी दोन्ही निलयांमधून, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधून, विजेची लाट पसरते. समोरून पाहता या लाटेची जी सरासरी दिशा येते, तिला हृदयाचा विद्युत अक्ष म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात तो नुसता ‘ॲक्सिस’ असतो. डाव्या निलयाची भिंत उजव्याहून बरीच जाड असल्याने तिचा जोर वरचढ ठरतो आणि अक्ष साधारणपणे खाली व डावीकडे झुकतो. अंश मोजताना शून्य म्हणजे रुग्णाच्या डावीकडची आडवी दिशा; तिथून खाली अधिक, वर उणे. प्रौढांमध्ये −३० ते +९० अंश हा पल्ला सामान्य धरतात. −३० ते −९० म्हणजे लेफ्ट ॲक्सिस, +९० ते १८० म्हणजे राइट ॲक्सिस.

ठाणे महानगरपालिकेच्या कळव्यातील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात ईसीजी (हृदयाच्या विजेचा कागदावरचा आलेख) निघो वा नौपाड्यातल्या एखाद्या छोट्या दवाखान्यात, अक्ष ओळखण्याची रीत एकच. हातापायांच्या सहा लीड, म्हणजे ईसीजीतल्या सहा नोंदी, हृदयाकडे सहा कोनांतून पाहतात: लीड १ शून्य अंशावरून, लीड २ +६० वरून, लीड ३ +१२० वरून, एव्हीएफ +९०, एव्हीएल −३० आणि एव्हीआर −१५० अंशांवरून. लाट ज्या लीडच्या दिशेने जाते तिथे क्यूआरएस (निलयांतल्या लाटेचा आलेखावरचा टोकदार भाग) वर उठतो, दूर जाते तिथे खाली उतरतो, काटकोनात गेली तर वर-खाली सारखाच दिसतो.

समजा, ईसीजीच्या कागदावर क्यूआरएसने वर व्यापलेल्या चौकटींतून खालच्या वजा करून लीड १ मध्ये +८, लीड २ मध्ये +८, लीड ३ मध्ये शून्य आणि एव्हीएफमध्ये +४ आले. लीड ३ वर-खाली सारखी, म्हणजे अक्ष तिला काटकोनात, +३० किंवा −१५० वर. लीड १ वर उठलेली असल्याने +३० नक्की. इथे पडताळाही आपोआप होतो, कारण लीड १ आणि ३ ची बेरीज नेहमी लीड २ इतकी येते. हा नियम विलेम आइंटहोव्हेन यांचा; ईसीजीच्या यंत्रणेच्या शोधासाठी त्यांना १९२४ चे नोबेल मिळाले.

घाईत लीड १ आणि एव्हीएफ पाहिल्या तरी भागते. दोन्ही वर असतील तर अक्ष सामान्य. लीड १ वर आणि एव्हीएफ खाली असेल तर मात्र लीड २ पाहिल्याशिवाय ‘लेफ्ट ॲक्सिस’ लिहू नये. लीड २ वर असेल तर अक्ष −३० च्या अलीकडेच, म्हणजे सामान्य.

अक्ष सरकला म्हणजे आजार झालाच असे नाही. उंच, सडपातळ माणसात तो उभा होतो, गरोदरपणी किंवा स्थूलपणात आडवा. नवजात बाळात तो उजवीकडेच असतो, कारण गर्भात उजव्या निलयावर कामाचा भार जास्त असतो. डावीकडे सरकण्यामागे हृदयात वीज वाहून नेणाऱ्या डाव्या पुढच्या फांदीतला अडथळा किंवा हृदयाच्या खालच्या भागाचा जुना झटका असू शकतो; उजवीकडे सरकण्यामागे फुप्फुसाचा जुनाट विकार, फुप्फुसात अडकलेली गुठळी किंवा उजव्या निलयाची जाडी. जुना ईसीजी शेजारी ठेवून पाहणे म्हणूनच फार मोलाचे. रुग्णांनी आपले जुने कागद फाइलमध्ये जपून आणावेत.

सर्वात आधी ईसीजीच्या तारांच्या क्लिपा तपासाव्यात: लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या, हिरवी डाव्या पायाला, काळी उजव्या. लाल-पिवळीची अदलाबदल झाली की लीड १ उलटी होते, एव्हीआर आणि एव्हीएल आपसांत बदलतात आणि धडधाकट माणसाचा अक्ष उजवीकडे गेलेला दिसतो. हृदय जन्मतःच उजव्या बाजूला असेल तरीही लीड १ उलटीच येते. अशा वेळी छातीच्या लीड (व्ही१ ते व्ही६) पाहाव्यात: क्लिपा चुकल्या असतील तर व्ही१ कडून पुढे आर लाट, म्हणजे क्यूआरएसचा वर उठणारा भाग, नेहमीसारखी वाढत जाते, हृदय उजवीकडे असेल तर ती व्ही६ पर्यंत लहान होत जाते.