शेवटची पोच कुणाची?

कॅश क्रेडिटवर, म्हणजे बँकेच्या खेळत्या कर्जावर, चालणाऱ्या कारखान्याला सहसा दर महिन्याला बँकेत स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे मालसाठ्याचा हिशेब, द्यावं लागतं. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत मी जिथे कॉम्प्युटर सांभाळतो, तिथे हे स्टेटमेंट आयबीएमचं एएस/४०० नावाचं मशीन तयार करतं आणि ईमेलने पाठवतं. हे मशीन आयबीएमने जून १९८८ मध्ये जाहीर केलं. पुढे त्याची नावं बदलत गेली आणि २००८ पासून त्याच्या सिस्टिमला ‘आयबीएम आय’ म्हणतात. आम्ही मात्र अजून एएस/४००च म्हणतो.

एकदा महिन्याच्या सुरुवातीला दांडिया बाजारच्या ऑफिसातून हिशेब बघणाऱ्या ताईंचा फोन आला. “अहो, स्टेटमेंट बँकेत पोचलेलं नाही. साहेब विचारतायत.”

“ताई, इकडे तर गेलेलं दिसतंय.”

सगळा घोळ या ‘गेलं’मध्ये असतो. रिपोर्ट एका उडीत बँकेत जात नाही. तो चार-पाच हातांतून जातो, आणि दर हाताचं ‘गेलं’ म्हणजे ‘मी पुढच्याला दिलं’ एवढंच. म्हणून शोधायची असते ती शेवटची पोच. ज्याने शेवटची पोच दिली, त्याच्यापाशी किंवा त्याच्या लगेच पुढे अडलेलं असतं.

पहिला हात स्पूलचा. प्रोग्राम रिपोर्ट थेट छापत नाही, कारण प्रिंटर त्याच्या मानाने फार मंद. तो मजकूर फाइल करून रांगेत ठेवतो आणि पुढच्या कामाला लागतो. या रांगेला आउटक्यू म्हणतात, आणि रांगेतून फाइल उचलून प्रिंटरला देणाऱ्या जॉबला रायटर. काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत फाइलच्या ओळीतच तिची अवस्था दिसते. ‘रेडी’ म्हणजे पाळीची वाट बघतेय. ‘हेल्ड’ म्हणजे कुणीतरी थांबवलीय. ‘मेसेज वेट’ दिसलं की रायटरने काहीतरी विचारलंय आणि त्याला उत्तर मिळालेलं नाही. बहुतेक वेळा प्रश्न असतो, ‘अमुक फॉर्मचा कागद लावला का?’ ऑपरेटरने ‘जी’ हे एक अक्षर टाइप केलं की तुंबलेली रांग चालू होते. ते अक्षर टाइप करायला कुणी नाही म्हणून सकाळभर बिलं अडकलेली मी पाहिली आहेत.

ईमेलसाठी ही फाइल पीडीएफमध्ये बदलावी लागते, आणि इथे एक जुनं दुखणं निघतं. हे मशीन अक्षरं एबसिडिक या पद्धतीने साठवतं. इंग्रजी मोठ्या ‘ए’चा आकडा त्यात १९३ आहे, बाहेरच्या जगातल्या आस्कीमध्ये ६५. साधी मजकूर फाइल रूपांतर न करता जोडली, तर मेल वेळेवर पोचतो, पण उघडल्यावर नुसती चिन्हं दिसतात.

पुढे एसएमटीपी, म्हणजे दोन मेल सर्व्हरांमधली बोलाचाली. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये तिचे नियम लिहिले, आणि तिचा गाभा आजही तोच आहे. पाठवणारा आधी नाव सांगतो, मग कुणाकडून, कुणाला, मग मजकूर. शेवटी एका ओळीत फक्त एक टिंब. त्या टिंबाला समोरून २५०, म्हणजे ‘घेतलं’, आलं की जबाबदारी बदलली: आता मेल पोचवायचा किंवा परत कळवायचं काम घेणाऱ्याचं. चारशेच्या घरातलं उत्तर म्हणजे ‘आत्ता नाही, थोड्या वेळाने’. मग पाठवणारा स्वतःच पुन्हा प्रयत्न करत राहतो. पाचशेच्या घरातलं म्हणजे साफ नकार.

मेल अडला की मशीनवरची मेलची सेवा बंद करून चालू करायचा मोह होतो. चालू करताना ‘क्लिअर’ हा पर्याय दिला, तर थांबलेले सगळे मेल पुसले जातात. कृपा करून तसं करू नका. आधी जर्नल, म्हणजे मेलच्या नोंदींची वही, बघा. या नोंदी लिहायची सोय मशीनवर आहे, पण ती आधीच चालू करून ठेवावी लागते.

आमची चालू होती. नोंद स्वच्छ होती: कंपनीच्या मेल सर्व्हरने २५० दिलं होतं. म्हणजे एएस/४०० सुटलं. मेल सर्व्हरच्या लॉगमध्ये पुढची ओळ सापडली, बँकेच्या सर्व्हरचं ५५०. आठवड्यापूर्वी आम्ही इंटरनेटची लाइन बदलली होती, त्यामुळे बाहेर दिसणारा आयपी पत्ता बदलला. आमच्या नावाने कुठल्या पत्त्यांवरून मेल येऊ शकतो, याची यादी डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या नावा-पत्त्यांच्या नोंदवहीत, असते; तिला एसपीएफ म्हणतात. तिच्यात जुनाच पत्ता होता. बँकेच्या सर्व्हरने आम्हाला तोतया समजून परत पाठवलं, आणि त्याचं चुकलं नाही.

खरी हळहळ पुढे वाटली. नकाराचं कारण लिहिलेला मेल नियमाप्रमाणे परत आला होता, पण पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर. तो पत्ता मशीनवरच्या एका युजरचा, ज्याची पेटी कुणीच उघडत नाही. तिथे असे तीन मेल पडून होते.

त्या दिवशी ताईंनी स्टेटमेंट छापून रावपुऱ्यात बँकेत नेऊन दिलं. मी यादीत नवा पत्ता घातला आणि परतीचा पत्ता ताईंचा केला. काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला, “परत एक आलंय, पण यात ४५१ लिहिलंय. चारशेचं आहे, म्हणजे थांबू ना?”

“थांबा ताई.” दुपारी जर्नलसोबत लॉगही बघितला. बँकेच्या सर्व्हरचं २५० आलेलं होतं.