फेल्प्सची २८ मेडल्स: पार्श्वभूमी

अमेरिकन स्विमर मायकेल फेल्प्स म्हटलं की ऑलिंपिकमधली २३ गोल्ड, एकूण २८ मेडल्स हे लोकांना पाठ असतं, पण हे प्रकरण नीट समजायचं तर १९६८ पासून सुरुवात करायला हवी. मेक्सिको ऑलिंपिकच्या आधी मार्क स्पिट्झ नावाच्या अमेरिकन स्विमर पोराने सहा गोल्ड जिंकणार असं छातीठोकपणे सांगून टाकलं आणि मिळाली दोन, तीही रिलेतली. चार वर्षांनी म्युनिकला मात्र त्याने सगळं व्याजासकट वसूल केलं, सात रेस, सात गोल्ड, सातही वर्ल्ड रेकॉर्ड! तो आकडा पुढे ३६ वर्षं जागचा हलला नाही.

फेल्प्स बाल्टिमोरचा. २००० साली सिडनीत १५ व्या वर्षी २०० मीटर बटरफ्लायमध्ये (दोन्ही हात एकदम पुढे टाकत पोहायचा प्रकार) पाचवा आला, पुढच्या वर्षी त्याच रेसचा वर्ल्ड रेकॉर्ड त्याच्या नावावर. कोच बॉब बोमन, भलताच कडक माणूस. २००४ ला अथेन्समध्ये सहा गोल्ड आणि दोन ब्राँझ मिळाली तरी चर्चा काय, तर स्पिट्झचा रेकॉर्ड हुकला. १९ वर्षांच्या पोराने अजून काय करायचं होतं देव जाणे.

मग २००८, बीजिंग. (आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडेही तेव्हा १६ व्या वर्षी याच पूलमध्ये उतरला होता.) फेल्प्सने आठपैकी आठ गोल्ड जिंकली हे खरं, पण त्यातली तीन रिलेची होती आणि ४x१०० फ्रीस्टाइल रिलेत (चौघांनी प्रत्येकी १०० मीटर पोहायची) तर शेवटच्या लॅपला फ्रान्सचा आलं बर्नार पुढे होता, फेल्प्सच्या टीममधल्या जेसन लेझॅकने ४६.०६ सेकंदांत शेवटचे १०० मीटर मारले आणि अमेरिका ०.०८ सेकंदाने जिंकली. लेझॅक जरा कमी पडला असता तर आठचा विषयच संपला होता, म्हणून मला तरी हा रेकॉर्ड एकट्या फेल्प्सचा वाटत नाही. २०० बटरफ्लायमध्ये गॉगलमध्ये पाणी शिरलं, समोरची भिंत दिसेना, पठ्ठ्या हाताचे स्ट्रोक मोजत पोहला आणि १:५२.०३ चा वर्ल्ड रेकॉर्ड करूनही बाहेर आला तो वैतागलेलाच. १०० बटरफ्लायला सर्बियाचा मिलोराद चाविच शेवटी भिंतीकडे नुसता घसरत आला, फेल्प्सने अजून एक अर्धा स्ट्रोक मारला, फरक ०.०१ सेकंद.

एकूण मेडल्सचा रेकॉर्ड मात्र पोहणाऱ्याकडे नव्हताच, तो होता सोव्हिएत जिम्नॅस्ट लारिसा लातिनिनाकडे, १९५६ ते १९६४ मध्ये १८ मेडल्स. लंडनला ३१ जुलै २०१२ ला २०० बटरफ्लायमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या चाड ल क्लोने फेल्प्सला ०.०५ सेकंदाने हरवलं, ते सिल्व्हर फेल्प्सचं १८ वं आणि त्याच संध्याकाळी रिलेचं गोल्ड १९ वं. मग रिटायरमेंट, मग परत येणं, आणि २०१६ ला रिओमध्ये पाच गोल्ड, एक सिल्व्हर. तिथे १३ वं वैयक्तिक गोल्ड मिळालं तेव्हा प्राचीन ग्रीसमधल्या ऱ्होड्सच्या लिओनिदासचा १२ विजयांचा रेकॉर्ड मोडला असं निघालं, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुना हिशोब कोणीतरी उकरून काढला होता!

फेल्प्सचे वेळेचे वैयक्तिक रेकॉर्ड आता एकेक करून गेलेत. शेवटचा उरलेला वैयक्तिक वर्ल्ड रेकॉर्ड, ४०० मीटर मेडलेचा (पोहण्याचे चारही प्रकार एकाच रेसमध्ये) ४:०३.८४, २०२३ ला फुकुओकात फ्रान्सच्या लिओन मार्शांने ४:०२.५० पोहून मोडला. त्याचा कोच कोण, तर बॉब बोमन.