चित्र फुकट झालं, मग वही उघडली

उपग्रह प्रतिमांवर काम शिकणारा नवखा आज ब्राउझरमध्ये जुपिटर नोटबुक (कोड, मजकूर आणि आलेख एकत्र ठेवणारी वही) उघडतो, रास्टेरिओ या पायथन भाषेतल्या लायब्ररीने प्रतिमेचे दोन बँड, म्हणजे प्रकाशाचे पट्टे, वाचतो आणि पाच-सात ओळींत पिकांचा हिरवेपणा नकाशावर रंगवून मोकळा होतो. हे इतकं सोपं व्हायला साडेतीन दशकं लागली, आणि अडचण मुख्यतः पैशांची होती.

अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांपैकी पहिला जुलै १९७२ मध्ये उडाला. त्याच्याच प्रतिमांवरून पुढच्या एक-दोन वर्षांत एनडीव्हीआय हा हिरवेपणा मोजणारा निर्देशांक रूढ होऊ लागला: निकट-अवरक्त प्रकाश (डोळ्यांना न दिसणारा, लालच्या पलीकडचा) वजा लाल, भागिले दोघांची बेरीज. सूत्र शाळकरी पोरालाही जमेल असं, प्रतिमा मात्र परवडत नव्हती. १९८० च्या दशकात अमेरिकेने लँडसॅटच्या प्रतिमांची विक्री खासगी कंपनीकडे सोपवली आणि एका प्रतिमेची किंमत ४,४०० डॉलरपर्यंत चढली. एवढे पैसे मोजून आणलेल्या प्रतिमेवर ‘बघू तरी काय होतं’ म्हणून कोण हात साफ करणार?

नोटबुकचं घराणं वेगळं. मजकूर, सूत्र आणि आलेख एकाच पानावर ही सोय मॅथेमॅटिका या गणिती प्रणालीत १९८८ पासून होती, पण ते विकतचं सॉफ्टवेअर. २००१ मध्ये कोलोरॅडोत भौतिकशास्त्रात पीएचडी करणाऱ्या फर्नांडो पेरेझने पायथन वापरणं सोपं करणारं आयपायथन लिहिलं, २०११ मध्ये ते ब्राउझरमधली नोटबुक झालं आणि २०१४ मध्ये त्यातून जुपिटर निघालं. ज्युलिया, पायथन आणि आर या प्रोग्रॅमिंग भाषांची नावं त्यात गुंफली आहेतच, शिवाय गॅलिलिओने गुरूच्या चंद्रांच्या नोंदी ठेवलेल्या वहीचीही आठवण आहे. दुर्बिणीत दिसलेलं चित्र आणि त्यावरचं टिपण शेजारीशेजारी! उपग्रहवाल्यांना ही वही का भावली ते यातच आलं. इथे दर पायरीला प्रतिमा डोळ्यांनी तपासावी लागते, ढगाला शेत समजलो तर पुढचं सगळं मुसळ केरात.

दोन्ही वाटा जुळल्या त्या २००८ नंतर. त्या वर्षी अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाने लँडसॅटचा साठा विनामूल्य करण्याचा निर्णय घेतला. २०१५ पासून युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या १० मीटर तपशिलाच्या प्रतिमाही फुकट मिळू लागल्या. प्रतिमांचे नाना फॉरमॅट वाचणारी जीडीएएल ही लायब्ररी १९९८ पासून तयारच होती, रास्टेरिओ आजही तिच्याच जिवावर चालतं. मग उलटाच प्रश्न उभा राहिला, एवढा डेटा उतरवायचा कुठे? गुगल अर्थ इंजिनने २०१० मध्ये उत्तर दिलं: डेटा तिथेच राहू द्या, कोड पाठवा.

जुने धडे चालवताना मात्र एक खोच लक्षात ठेवावी. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या नव्या प्रक्रियेत पिक्सेलच्या आकड्यात १००० मिळवलेले असतात. काही साठ्यांत ते आधीच वजा केलेले मिळतात, काहींत नाही. जिथे नाही तिथे वजाबाकीची ओळ लिहायची राहून गेली तर भाजक फुगतो आणि हिरवंगार शेतही कागदावर सुकलेलं दिसतं.