विक्रांत करायचीय का विराट? किट कापायच्या आधी हे बगा

मागच्या महिन्यात लातूरच्या एका पोरानं आपल्या नौदलाच्या जुन्या विमानवाहू जहाजाच्या मॉडेलचे फोटो पाठवले, "दादा, विक्रांत करायलोय, कशी जमली सांगा." काम खरंच सुंदर होतं, जोड कुठं दिसत नव्हता, रंग एकसारखा बसलेला. पण ती विराट होती. बाजूला विक्रांतचा नंबर आर ११ लिहिलेला, पण वरचा मनोरा विराटचा, पुढचा रॅम्प विराटचा, अन् डेकवर दोन अलिझे विमानं उभी, जी विराटवरनं कधी उडालीच नाहीत. त्याला फोनवर अर्धा तास सांगत बसलो, मग वाटलं हे लिहूनच काढावं, कारण असाच घोळ मी पण केलेला आहे.

घोळ होतो कामून, तर दोन्ही जहाजं इंग्लंडात बांधलेली, दोन्ही विकर्स-आर्मस्ट्राँगच्या यार्डात, दोन्हींना पुढं वर चढणारा रॅम्प, विक्रांतला उशिरा आला एवढंच, अन् दोन्हींवर सी हॅरियर जेट विमानं. १९८७ पासून पुढची दहा वर्षं तर दोन्ही एकाच वेळी नौदलात होती. अन् आता जाऊन बघून यावं म्हणलं तर दोन्ही उरली नाहीत, विक्रांत मुंबईत तुटली २०१४-१५ ला, विराट अलंगला. मी विक्रांत बघितली ती शाळेत असताना, म्युझियम झाली होती तेव्हा, रात्रभर देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसून परभणीहून मुंबईला गेलो होतो. ते हँगर अजून डोळ्यासमोर आहे. त्या लोखंडाचा थोडा भाग नंतर बजाजच्या व्ही १५ बाईकमध्ये गेला, आमच्या गल्लीत एकाकडं आहे, मी जाता येता टाकीला हात लावतो.

आता मुद्द्यावर. सगळ्यात आधी हल बगा, म्हणजे जहाजाचं खालचं अंग, कारण वरचं सगळं बदलता येतं, हल नाही. विक्रांत मूळची हर्क्युलिस, मॅजेस्टिक क्लास. १९४३ ला टाइन नदीवर काम सुरू झालं, सप्टेंबर १९४५ ला पाण्यात उतरली, पण तोवर युद्ध संपलं होतं, मग अर्धवटच पडून राहिली. भारतानं १९५७ ला घेतली, बेलफास्टला हार्लंड अँड वुल्फनं पुरी केली अन् ४ मार्च १९६१ ला ती विक्रांत झाली. लांबी २१३ मीटर. विराट मूळची हर्मीस, सेंटॉर क्लास, बॅरोला बांधलेली, १९५९ ला इंग्रजांच्या नौदलात गेली, १९८२ ला फॉकलंडच्या लढाईत त्यांची फ्लॅगशिप होती, आपल्याकडं आली १२ मे १९८७ ला. लांबी साडेदोनशेच्या आतच, २२६.५ मीटर.

तेरा मीटरचा फरक मोठ्या जहाजात डोळ्याला कळत नाही, फोटोत तर नाहीच. पण १/४०० स्केलला विक्रांत येते ५३ सेंटिमीटर अन् विराट साडेछप्पन. साडेतीन सेंटिमीटर म्हणजे एक अख्खं अलिझे. रुंदीचा फरक त्याहून जास्त सतावतो, विक्रांतचं हल पाण्याच्या रेषेशी ८० फूट, विराटचं ९०. १/४०० ला हे साडेसात मिलिमीटर होतात. हल मधोमध चिरून इतकी पट्टी भरणं होत नाही असं नाही, पण पुढचा अन् मागचा आकार बिघडतो, मग घासत बसा. म्हणून माझं मत सरळ आहे, एकीच्या हलवरनं दुसरी करायला जाऊ नका.

विक्रांतसाठी जमणारं हल मिळतं ते वेगळ्याच नावाच्या डब्यात. हेलर कंपनीचं १/४०० चं आरोमांश नावाचं किट आहे, फ्रेंच जहाज. हे आरोमांश म्हणजे इंग्रजांचं कोलोसस, १९४६ ला फ्रान्सला दिलेलं. कोलोसस अन् मॅजेस्टिक ही मुळात एकाच आराखड्यावरची जहाजं, १९४२ चा आराखडा, सोळा जहाजं ठरली, त्यातल्या शेवटच्या सहांना जड विमानांसाठी मजबूत केलं अन् त्यांना मॅजेस्टिक म्हणलं. म्हणजे विक्रांतची सावत्र बहीण तुमच्या टेबलावर असते. हल तसंच ठेवायचं, काम सगळं वर.

वर मात्र भरपूर आहे. विक्रांत उशिरा पुरी झाली म्हणून तिला तिरका डेक अन् वाफेवर चालणारा कॅटापुल्ट, म्हणजे विमान फेकायचं यंत्र, बांधतानाच मिळाला, त्यामुळं डब्यातला डेक चालत नाही, नवा करावा लागतो. मी एक मिलिमीटरची स्टायरीन शीट, म्हणजे प्लॅस्टिकचा पत्रा, वापरतो. सनबोर्ड स्वस्त पडतो, फ्लेक्सच्या दुकानात तुकडे फुकट बी देतात, पण नको, त्याची कड फुसफुशीत राहते, कितीबी घासा धार येत नाही. आधी जाड कागदावर डेक कापायचा, हलवर ठेवून बघायचा, डाव्या बाजूला तिरक्या डेकचा जो भाग बाहेर येतो त्याच्याखाली आधार द्यायचे, नाहीतर आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ती शीट खाली वाकते. माझी वाकली होती. विमानं वरखाली न्यायच्या लिफ्ट दोन, दोन्ही डेकच्या आतच, एक पुढं एक मागं. विराटची ओळख इथंच पटते, तिची पुढची लिफ्ट डाव्या कडेला आहे, डेकच्या काठावर.

मनोरा बघितला तरी कळतं. विक्रांतचा छोटा, आटोपशीर. विराटचा लांबलचक, चिमणी, मास्ट सगळं त्यात सामावलेलं, डेकवर एखादी बिल्डिंग ठेवल्यासारखं. अन् विराटच्या बाजूला डेविटला, म्हणजे बोटी टांगायच्या लोखंडी हातांना, चार लँडिंग क्राफ्ट होत्या, सैनिक उतरवायच्या बोटी, त्या विक्रांतला नाहीत. विराट करायची असेल तर १/७०० ला हर्मीसची रेझिन किट्स मिळतात, फक्त ती कोणत्या काळची हे बघून घ्या. सुरुवातीच्या हर्मीसवर मनोऱ्यावर एक भलामोठा ढोलासारखा ९८४ रडार होता अन् पुढं सपाट डेकवर कॅटापुल्ट. सत्तरच्या दशकात ढोल गेला, १९८०-८१ ला १२ अंशांचा रॅम्प आला. फॉकलंडच्या वेळची हर्मीस मिळाली तर विराट करायला सोपी, साठच्या दशकातली मिळाली तर अर्धं जहाज नव्यानं करायचं.

अन् आता रॅम्प, कारण खरा घोळ तिथं होतो. लोकांना वाटतं रॅम्प म्हणजे विराट, सपाट म्हणजे विक्रांत. किंवा माझ्यासारखं, रॅम्प पाहिजेच, नाहीतर विमानवाहू कशी दिसणार. दोन्ही चूक. विक्रांत तिच्या आयुष्यातली पंचवीसेक वर्षं सपाटच होती. सी हॉक अन् अलिझे ही विमानं कॅटापुल्टनं ओढून फेकावी लागायची. १९७१ च्या डिसेंबरात एका बॉयलरला तडा गेलेला असताना, वेग कमी असताना, याच कॅटापुल्टवरनं सी हॉक उडाली अन् ४ तारखेला कॉक्स बझार, चितगाववर गेली. सी हॅरियरला कॅटापुल्ट लागत नाही, ते थोडं पळून उडतं अन् उभं उतरतं, पण रॅम्पवरनं गेलं तर जास्त वजन घेऊन उडतं. विक्रांतवर पहिलं सी हॅरियर १९८३ च्या डिसेंबरात उतरलं, तेव्हा बी डेक सपाटच. अलिझे १९८७ ला उतरली ती कायमची, मग कॅटापुल्ट काढला अन् ९.७५ अंशांचा रॅम्प बसवला. म्हणजे रॅम्प अन् अलिझे विक्रांतवर एकत्र कधीच नव्हते. रॅम्प आला तोच कॅटापुल्टच्या जागी.

मी नेमकं हेच केलं होतं. रॅम्प मोठ्या हौसेनं बनवला, शीटच्या सात पट्ट्या एकाच वळणात कापून उभ्या लावल्या, वर पातळ शीट वाकवून चिटकवली, पुढच्या काठाला कंपासपेटीतला कोनमापक लावून कोन तपासला, अन् मागं चार सी हॉक उभी केली, ७१ ची म्हणून. गल्लीतल्या एका काकांना दाखवायला नेली, ते नौदलातनं रिटायर झालेले, त्यांनी बराच वेळ हातात धरून बघितली अन् म्हणले, "बाळा, ही कोणत्या साली?" मी म्हणलं ७१. "मग हा चढ कुठनं आला?" तेवढंच विचारलं त्यांनी, पण मला कळालं की जहाजाचं नाव पुरत नाही, साल पण लागतं, अन् ते किट उघडायच्या आधी.

साल ठरलं की विमानं आपोआप ठरतात, अन् १/४०० ला ती अंगठ्याएवढी असली तरी लांबून ओळखू येतात. सी हॉकचे पंख पसरलेले तीन सेंटिमीटर, अलिझेचे जवळपास चार, सी हॅरियरचे जेमतेम दोन. विराटवर मुख्य म्हणजे सी हॅरियर, अन् सी किंग, चेतक ही हेलिकॉप्टरं, सी हॅरियर २०१६ पर्यंत अन् जहाज २०१७ च्या ६ मार्चपर्यंत. शेवटच्या काळातली विराट करणाऱ्यांनी हर्मीसच्या किटमधले सीकॅट क्षेपणास्त्रांचे लाँचर लावू नयेत, नंतर तिच्यावर बराक क्षेपणास्त्र आलं होतं.

२०२२ ची नवी विक्रांत या सगळ्यात धरू नका, नंबर तोच आर ११ असला तरी ती कोचीत बांधलेली, २६२ मीटरची, तिचं हल यातल्या कोणत्याच डब्यात नाही.

माझ्या विक्रांतचा रॅम्प मी काढला. बारीक करवतीनं, दोन रात्री लागल्या, दिवसा उन्हानं प्लॅस्टिक मऊ पडतं अन् पातं अडकतं. जागा पुट्टीनं भरली, ओल्या पॉलिश पेपरनं घासली, डाव्या बाजूला सुईनं कॅटापुल्टची रेघ ओढली. रॅम्प डबीत जपून ठेवलाय. आरोमांशचं दुसरं किट सापडलं तर १९९० ची विक्रांत करीन, त्या डेकवर सी हॅरियर उभी करायची राहिलीत.