‘डेव्हिएट’ हा शब्द पत्रात लिहिण्याआधी

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखानदारांची इंग्रजी पत्रं, टेंडर आणि तपासणी अहवाल आमच्याकडे भाषांतराला किंवा दुरुस्तीला येतात. त्यातला ‘डेव्हिएट’ हा शब्द पुष्कळांना अडवतो. चुकीच्या जागी पडला तर माल परत येऊ शकतो, म्हणून हे पत्रक.

लॅटिनमधल्या ‘डे’ म्हणजे ‘पासून’ आणि ‘व्हिया’ म्हणजे ‘वाट’ यांतून हा शब्द आला. ठरलेली वाट सोडणे हा त्याचा गाभा. म्हणजे आधी काहीतरी ठरलेलं असावं लागतं: ड्रॉइंग, करार, वेळापत्रक, समाजाची रीत. तसं काही नसेल आणि नुसता फरक सांगायचा असेल, तर ‘डिफर’ पुरतं. पिंपळगावहून न्हावाशेव्याला निघालेला द्राक्षांचा कंटेनर नेमून दिलेला रस्ता सोडून गेला, तर वाहतूकदार ‘रूट डेव्हिएशन’ म्हणतात ते याच अर्थाने.

मोबाइलवर भाषांतर केलं की बहुधा ‘विचलित होणे’ येतं. सांख्यिकीत ‘प्रमाण विचलन’ रूढ आहे, ते ठीक. पण आपल्या बोलण्यात विचलित होतं ते मन, शाफ्ट नव्हे. मराठी पत्रात ‘माप ड्रॉइंगला सोडून आहे’ किंवा ‘कराराबाहेर जाऊन काम केले’ असं सरळ लिहावं.

इंग्रजीत कशापासून ढळलं ते सांगायचं असेल, तर या क्रियापदाला ‘फ्रॉम’ हवं. ‘वुई डेव्हिएटेड द ड्रॉइंग’ चूक, ‘वुई डेव्हिएटेड फ्रॉम द ड्रॉइंग’ बरोबर. किती फरक पडला ते सांगायला ‘बाय’ लावतात.

खरी गल्लत होते ती मापांत. 25 मि.मी. बोअरला, म्हणजे भोकाला, एच7 (मापात किती फरक चालेल ते सांगणारी खूण) दिलं असेल, तर माप 25.000 ते 25.021 मध्ये बसलं पाहिजे. यातल्या 21 मायक्रॉनला (मायक्रॉन म्हणजे मि.मी.चा हजारावा भाग) ‘अप्पर डेव्हिएशन’ म्हणतात, ‘लोअर’ शून्य. इथे डेव्हिएशन म्हणजे दिलेली मुभा, दोष नाही. आता बोअर 25.030 निघाला. अहवालात नुसतं ‘डेव्हिएशन’ लिहून पुढे आकडा टाकला तर वाचणाऱ्याला कळत नाही, कारण मूळ मापापासून फरक 30 मायक्रॉन आहे आणि मर्यादेपासून 9. अशा वेळी ‘एक्सीड्स द अप्पर लिमिट बाय 9 मायक्रॉन्स’ असं लिहा. आम्ही तरी हेच सुचवतो.

परवानगी मागतानाही शब्द जपून वापरा. आयएसओ 9000 या गुणवत्तेच्या आंतरराष्ट्रीय मानकातल्या व्याख्येप्रमाणे माल बनवण्याआधी, ठरल्यापेक्षा वेगळं करू का असं विचारून मिळते ती ‘डेव्हिएशन परमिट’. बनून गेलेला, मापात न बसणारा माल चालवून घेतात ते ‘कन्सेशन’. आपल्याकडे दोन्हीला सर्रास ‘अंडर डेव्हिएशन’ म्हणतात. कारखान्यात बोलताना चालून जातं, पण पत्रात तारखेला महत्त्व येतं: उत्पादन झाल्यावर डेव्हिएशन मागितलं तर ऑडिटर हमखास प्रश्न विचारतो.

टेंडरच्या डेव्हिएशन शीटवर, म्हणजे मान्य नसलेल्या अटी नोंदवायच्या तक्त्यावर, सवयीने ‘निल’ लिहू नका. ‘निल’ म्हणजे तांत्रिक अटींसकट सगळं मान्य. पेमेंट आणि डिलिव्हरीच्या अटीही त्यात येतात. एखादी अट झेपणार नसेल तर कलमाचा क्रमांक टाकून तिथेच नोंदवा.

याच कुळातले दोन शब्द कामाच्या पत्रात नकोत. ‘डेव्हियंट’ माणसाच्या वागण्याबद्दल आणि बहुतेकदा निंदेच्या सुरात येतो. ‘डीव्हियस’ म्हणजे कपटी. सप्लायरबद्दल तो चुकूनही जाऊ देऊ नका.

पत्र तपासायला आणताना सोबत ड्रॉइंगची किंवा कराराच्या त्या पानाची प्रत आणा. कशापासून ढळलं ते समोर असेल, तरच वाक्य नेमकं लिहून देता येतं.