पार्श्वभूमी : आधी जमिनीचा रंग, मग बस

वाहतूक, नगर नियोजन आणि गृहनिर्माण या खात्यांनी एकत्र बसून बसभोवती शहर वाढवावे, ही सूचना ऐकायला सोपी. पणजीच्या कदंब बसस्थानकावर उतरले की चार पावलांवर पाटो हा भाग. सरकारी कार्यालये, बँका, राज्य ग्रंथालय, सगळे हाकेच्या अंतरावर. बसस्थानक एका सरकारी महामंडळाचे, शेजारचे भूखंड दुसऱ्याने पाडलेले. सार्वजनिक वाहतुकीभोवती शहर वाढवण्याचा गोव्यातला त्यातल्या त्यात जवळचा नमुना हाच. फक्त त्यात राहायला घरे नाहीत. कार्यालये सुटली की पाटो ओस पडते आणि माणसे आपापल्या स्कूटरने पर्वरी, ताळगाव, कदंब पठाराकडे निघतात.

स्थानकापासून पायी जाता येईल अशा ५०० ते ८०० मीटरच्या टापूत दाट, संमिश्र वस्ती, हे केंद्राचे २०१७ चे धोरण. ते प्रामुख्याने मेट्रोची शहरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले. गोव्यात असे वर्तुळ काढायला बसले तर मुळात रेल्वेची बहुतेक स्थानकेच शहराबाहेर. मुरगाव बंदरापर्यंत रेल्वे एकोणिसाव्या शतकात आली आणि तिच्या आधाराने वास्को वाढले. कोकण रेल्वेचे तसे झाले नाही. नव्वदच्या दशकात मार्गावरून रान पेटले: खाजन शेती (खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली) बुडेल, जुन्या गोव्याच्या वारशाला धक्का बसेल, मार्ग आत डोंगराकडे न्या. काम काही काळ थांबलेही. १९९८ मध्ये गाडी पूर्ण मार्गावर धावली, पण सगळा वाद रूळ कुठून जाणार याचा होता. उतरल्यावर माणूस घरी कसा जाणार, हा प्रश्न मागेच राहिला. म्हापशाच्या माणसाने थिवीला उतरायचे, पणजीच्या करमळीला. मडगावात बसस्थानक एका टोकाला, रेल्वे दुसऱ्या. मध्ये रिक्षा नाहीतर पायलट, म्हणजे भाड्याची मोटारसायकल.

खाती एकत्र बसली तरी त्यांच्यासमोर नकाशा कोणता असणार, ही खरी गोम आहे. कोणती जमीन कशासाठी वापरायची हे नकाशावर रंगांनी ठरवतो तो प्रादेशिक आराखडा. २०११ पर्यंतचा आराखडा २००६ मध्ये अधिसूचित झाला आणि लोक रस्त्यावर आल्यावर काही महिन्यांतच मागे घ्यावा लागला. त्यानंतरचा २०२१ पर्यंतचा आराखडा सरकार बदलल्यावर २०१२ मध्ये काही वर्षांसाठी बासनात गेला. २०१८ मध्ये बृहन् पणजीच्या पीडीएतून (नियोजन व विकास प्राधिकरणातून) आपली गावे वगळा म्हणून मोर्चे निघाले आणि गावे वगळावी लागली. तेव्हापासून ‘नियोजन क्षेत्र’ हा शब्द गावात उच्चारला तरी लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात.

मग आले नगर नियोजन कायद्यातले २०२३ मधले कलम १७(२). प्रादेशिक आराखड्यात ‘अनवधानाने झालेल्या चुका’ दुरुस्त करण्याची मुभा त्यात आहे. शब्द निरुपद्रवी दिसतात. एखाद्याचे जुने घर नकाशात शेतात दाखवले असेल तर ते सुधारायलाच हवे, त्याला कोण नाही म्हणेल? पण चूक म्हणजे काय? नकाशा काढणाऱ्याचा हात चुकला ती, की मालकाला आज सेटलमेंट (वस्तीची जमीन) हवे आणि आराखड्यात ऑर्चर्ड (बागायत) आहे तीसुद्धा? व्यवहारात दुसऱ्या अर्थाकडेच ओढ दिसली. एकेका सर्व्हे क्रमांकाने भातशेती आणि डोंगरउतार सेटलमेंट झाले. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने या कलमाखालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वे रद्द ठरवली. वाहतुकीच्या दृष्टीने या पद्धतीचा तोटा साधा आहे. बसला एका रेषेवर माणसे लागतात. भूखंडागणिक रंग बदलत गेला की वस्ती शिंतोड्यांसारखी विखुरते आणि तिच्यासाठी मार्ग आखणे कोणत्याच परिवहन महामंडळाला परवडत नाही. शिवाय बांधलेल्या सगळ्या घरांत माणसे राहतात असेही नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्यातले पाचांतले एकाहून जास्त घर रिकामे होते. गृहनिर्माण मंडळाच्या पर्वरी, मडगावजवळचे गोगळ इथल्या वसाहती राहण्यासाठी बांधल्या होत्या. तो जमाना मागे पडला.

२०२४ मध्ये पणजीच्या शहरी मार्गांवर खासगी बसगाड्यांच्या जागी विजेवरच्या बसगाड्या आल्या. त्याच वर्षी नगर नियोजन कायद्यात कलम ३९ अ आले. अर्ज करा, झोन बदलून घ्या, हरकतींसाठी लोकांना ३० दिवस. त्या हरकती पाण्याच्या, शेताच्या, डोंगराच्या असतात. जवळचा बसथांबा किती लांब, अशी हरकत क्वचितच कोणी घेतो.