धुराडं वर, पंखा खाली

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवर 'धुराडं वर, पंखा खाली' ही आरोळी नेहमीची होती. वारा पडला की धुराडं उभं करायचं आणि पंखा, म्हणजे प्रोपेलर, पाण्यात सोडायचा. वारा आला की दोन्ही आवरून शिडं उभारायची. न फिरणारा प्रोपेलर पाण्यात तसाच राहिला तर जहाजाला मागे ओढतो, म्हणून हा खटाटोप. १८६० सालच्या 'वॉरियर' या युद्धनौकेवर तो वर घ्यायला शेकडो खलाशी दोराला लागत!

पुढे ही कसरत मागे पडली. पण १९०१ साली एका जहाजावर ती मुद्दाम ठेवली गेली, कारण त्याला जायचं होतं अंटार्क्टिकाला. ते जहाज 'डिस्कव्हरी'. स्कॉटलंडमधल्या डंडीत २१ मार्चला पाण्यात उतरलेलं, तीन डोलकाठ्यांचं, लाकडी. कागदोपत्री ते नौदलाचं नव्हतं; मात्र आराखडा आरमारी अभियंता डब्ल्यू. ई. स्मिथ यांचा, कप्तान रॉबर्ट स्कॉट आरमारातले आणि बरेचसे खलाशीही तिथलेच.

बर्फात प्रोपेलर किंवा सुकाणू मोडलं तर दुरुस्तीला जवळपास बंदर नाही. म्हणून दोन्ही विहिरीतून बादली शेंदावी तसे वर ओढून घ्यायची सोय होती. धुराड्याला बुडाशी बिजागरी. मागच्या डोलकाठीचं मोठं शीड लावायचं तर धुराडं सरळ डेकवर आडवं करायचं. चुंबकीय मोजमापाच्या खोलीभोवती तर नऊ मीटरपर्यंत लोखंडाला बंदी. बर्फात अडकू नये म्हणून तळाला बाहेर कणाही ठेवला नव्हता. त्याची किंमत खलाशांनी मोजली, खवळलेल्या समुद्रात जहाज भयंकर डोलायचं.

इंजिन ४५० अश्वशक्तीचं, तीन सिलिंडरचं. पहिल्यातून निघालेली वाफ दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. उसाचं चिपाड पुन्हा पुन्हा चरकात घालून उरलासुरला रस काढावा, तसं. दाब उतरत जातो, म्हणून प्रत्येक सिलिंडर आधीच्यापेक्षा मोठा. एवढं करूनही ताशी एका अश्वशक्तीमागे पाऊण किलो कोळसा धरला, तर पूर्ण जोरात दिवसाला आठ टन जळणार. इंग्लंडहून न्यूझीलंडपर्यंत पुरेल एवढा कोळसा पोटात मावत नव्हता, आणि त्यापुढच्या बर्फात कोळसा देणार कोण? वारा मात्र फुकट. शिडांवर हे जहाज इंजिनापेक्षा किंचित जोरातच पळे.

मग आरमाराने शिडं का सोडली? त्याच १९०१ च्या डिसेंबरात शिडं आणि वाफ दोन्ही असलेली 'कॉन्डॉर' ही युद्धनौका कॅनडातल्या एस्क्विमॉल्टहून हवाई बेटांवरच्या होनोलुलूला निघाली आणि वादळात सर्व माणसांसह बुडाली. त्यानंतर अशा लढाऊ गलबतांवरची शिडं उतरवण्यात आली. त्यांच्याच जातीचं, १९०० साली पाण्यात उतरलेलं 'एस्पिगल' पहिल्या महायुद्धात टायग्रिस नदीवर लढलं आणि १९२३ साली आपल्या मुंबईत भंगारात विकलं गेलं.